पाय जमिनीला लागेपर्यंत

आमची ही जहाजावर मेट होती. मेट म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी. कप्तान झोपलेला असतो तेव्हा जहाज सांभाळायचं काम मेटचं. मी बस चालवायचो आणि रोज घरी यायचो. ती जहाज चालवायची आणि महिन्यातून तीन-चार दिवस यायची. कुणी दारात येऊन विचारलं, "वहिनी आहेत का?" तर मी सांगायचो, "आहेत, पण समुद्रात." पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटायची.

जहाज लहान होतं. किनारा धरून सिमेंट, खत, कधी धान्य न्यायचं आणि आणायचं. त्याचा कप्तान होता हिचा सख्खा मोठा भाऊ. ही त्याला दादा म्हणायची म्हणून मीही दादाच म्हणायचो, अहो-जाहो करायचो. आता लिहिताना तसा हात वळत नाही. म्हणून 'तो' असंच लिहितो.

भावाबहिणीचं चांगलं होतं. लहानपणी घरात त्याला झोपेतून उठवायचं काम हिच्याकडे होतं. तो उठायचा नाही. मग त्याच्या वाटणीचं पाणी ही भरायची आणि आईला सांगायची, दादानेच भरलं. ही गोष्ट दोघंही जेवताना सांगायचे आणि हसायचे. तो म्हणायचा, "दाजी, तुमची बायको माझ्या झोपेची राखणदार आहे." मीही हसायचो.

जहाजावर माणसाला उठवायची एक रीत असते. हिनेच मला सांगितली होती. आपली पाळी संपत आली की पुढच्या माणसासाठी चहाचा मग घेऊन त्याच्या केबिनवर जायचं. तो मग दारावर वाजवायचा. आतला म्हणतो, हो हो, उठलो. त्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण माणूस झोपेतही हो म्हणतो. त्याने उठून दोन्ही पाय जमिनीवर ठेवले, आणि किती वाजले हे शुद्धीत सांगितलं, की मगच चहा हातात द्यायचा. पाय जमिनीला लागेपर्यंत दार सोडायचं नाही.

मी म्हणालो, "आमच्या डेपोत ही रीत आणली तर निम्म्या गाड्या उशिरा सुटतील."

ती म्हणाली, "अहो, तुमची गाडी उशिरा सुटते. आमची खडकावर जाते."

या रीतीत हिची एकच चूक व्हायची. दादाच्या दारावर ती मग हळू वाजवायची.

आता त्या सरकारी नियमाचं सांगायला हवं, कारण सगळं त्यापासून सुरू झालं. कोणत्याही जहाजावर कमीत कमी किती अधिकारी पाहिजेत ते सरकारचं जहाज खातं ठरवतं आणि तसा दाखला देतं. हिच्या जहाजावर तो फ्रेम करून वर जायच्या जिन्याजवळ लावलेला होता. एकदा मी जहाज बघायला गेलो तेव्हा तिने दाखवला होता. तेव्हा त्यावर होतं, कप्तान एक, मेट दोन. म्हणजे दिवसाचे तीन वाटे, चार तास काम आणि आठ तास मोकळीक, अशी पाळी फिरायची. माणूस झोपायचा, जेवायचा, कपडे धुवायचा. हिने त्या काळात माझ्यासाठी स्वेटर विणला होता. एक बाही लांब झाली, पण विणला.

मग मालक लोकांनी खात्याला सांगितलं की लहान जहाजांना एवढे अधिकारी कशाला, आता यंत्रं आली आहेत. खात्याने सवलत दिली. दाखला बदलला. कप्तान एक, मेट एक. दुसरा मेट होता तो भला माणूस, त्याला घरी पाठवलं. त्याच्या केबिनमध्ये रंगाचे डबे आणि दोरांची भेंडोळी भरली. तेव्हापासून सहा तास दादा, सहा तास ही. परत सहा तास दादा, परत सहा तास ही. कागदावर प्रत्येकाला दिवसाचे बारा तास विश्रांती. पण जहाज बंदराला लागलं की दोर बांधून घ्यायचे, मालाच्या कोठीची झाकणं उघडून घ्यायची, माल बरोबर उतरतोय ना बघायचं, हे सगळं मेटचं. ते पाळीच्या बाहेरचं, म्हणजे तिच्या झोपेतलं. विणकाम बंद झालं. घरी आली की ती पहिला दिवस नुसती झोपायची. आमची लेक तिला जेवायला उठवायची, आणि ती डोळे न उघडता विचारायची, "कुठे आलो?"

दादालाही तेव्हा राग होता. हे मला नीट आठवतं, कारण तो आमच्याच टेबलाशी बसून बोलला. म्हणाला, "दाजी, तुम्हाला डेपोत आठ तासांनंतर चाकाला हात लावू देत नाहीत ना? मग आम्ही काय लोखंडाचे आहोत? ही सवलत एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार बघा."

ही म्हणाली, "दादा, तोंडातून चांगलं काढ."

"चांगलं काढायला आधी झोपायला नको का?" तो म्हणाला, आणि आम्ही हसलो.

त्या दिवशी मी डेपोच्या कॅन्टीनमध्ये होतो. दुसरी फेरी सुटायची होती. जहाज बंदराजवळ आलं की तिचा फोन लागायचा, तसा आला. मागे वाऱ्याचा आवाज होता. मी विचारलं, "आवाज असा का? बरं नाही का?"

"झोप नाही. दादाला उठवलंच नाही आज. सहाला त्याची पाळी होती. दारात गेले तर इतका गाढ झोपला होता, लहानपणी झोपायचा ना, तसा, तोंड उघडं टाकून. दोन दिवस त्यालाही धड झोप नाही. चहाचा मग दाराशी ठेवला आणि वर गेले परत. आत्ता बंदर आलं तेव्हा खलाशाने उठवलं त्याला. उठल्याबरोबर मला ओरडला."

"ओरडणारच. आणि तू कधी झोपणार?"

"दोर बांधून होऊ दे. मग झाकणं उघडून देते आणि झोपते. घरी येईन संध्याकाळी. लेकीला सांगा, माझ्यासाठी थांबू नकोस जेवायला."

"ती थांबणारच."

"माहीत आहे. तरी सांगा."

एवढंच बोलणं. मी फेरीवर गेलो. परत आलो तेव्हा डेपो मॅनेजर फाटकात उभे होते. मला उतरायला हात दिला. त्यांनी कधी कुणाला हात दिला नव्हता, म्हणून मला आधीच कळलं.

झाकण उघडत असताना ती कडेला उभी होती. क्रेनवाल्याला हाताने खूण करत एक पाऊल मागे गेली. मागे कोठी उघडी होती. दुपारचं लख्ख ऊन होतं, डेक कोरडा होता, कुणी धक्का दिला नाही. खलाशी म्हणाला, मॅडम पडताना ओरडल्यासुद्धा नाहीत. मला वाटतं ती उभ्या उभ्या झोपली असावी.

सगळं उरकल्यावर दादा घरी आला. हिच्या खुर्चीवर बसला. ती खिडकीजवळची, जुनी, लाकडी हातांची खुर्ची, घरी आली की ती तिथे बसायची. एवढा मोठा माणूस, दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. "दाजी, शेवटी मी तिच्यावर ओरडलो. शेवटचं बोलणं ते. वर आल्या आल्या ओरडलो, मला उठवलं का नाहीस म्हणून. तिला वाटलं असेल दादा रागावला."

मला बघवेना. माझ्याकडे त्याला द्यायला एकच गोष्ट होती, ती मी दिली. म्हणालो, "नाही दादा. तिचा फोन आला होता मला. तिला काही वाटलं नव्हतं. ती म्हणाली, दादा लहानपणीसारखा गाढ झोपला होता, दमला होता, म्हणून मी उठवलं नाही. चहाचा मग दाराशी ठेवून परत वर गेले, असं म्हणाली. रागाने नाही, मायेने सांगत होती."

तो रडायचा थांबला. "असं म्हणाली?"

"हो."

"हेच शब्द? की उठवलं नाही म्हणून?"

"हेच."

त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला बरं वाटलं. वाटलं, हिच्या शब्दांनी त्याला आधार झाला.

लेक चष्म्याच्या दुकानात काम करते. ती दारात उभी राहून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "बाबा, आईचं बोलणं बाहेर जायला नको होतं."

"बाहेर कुठे? मामा काय बाहेरचा आहे?"

"मामा कप्तान आहे," ती म्हणाली.

मी तिला रागावलो. दुःखात माणूस वाकडं बोलतो असं मला वाटलं.

खात्याने चौकशी लावली. चौकशी करणाऱ्या बाई होत्या, शांत बोलायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला सरळ सांगितलं. माणसं कमी असल्यामुळे हा अपघात झाला असं ठरलं, तर या जहाजांना दिलेल्या सवलतीचा फेरविचार होईल आणि दुसरा मेट परत आणता येईल. पण अपघात मेटच्या स्वतःच्या हयगयीमुळे झाला असं ठरलं, तर सवलत तशीच राहील. हयगय हा शब्द मी तोपर्यंत फक्त डेपोच्या नोटिशीत वाचला होता.

म्हणजे मला दोन गोष्टी पाहिजे होत्या आणि त्या एकाच गोष्टीला बांधलेल्या होत्या. हिच्या नावावर दोष येऊ नये, आणि हिच्या जागी जो कुणी जाईल त्याला झोपायला मिळावं. भरपाई वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. ती मालकाने न मागता देऊ केली होती आणि मी लेकीच्या नावावर टाकून विसरलो होतो.

कप्तानाची साक्ष महत्त्वाची होती. जहाजावर माणसं पुरत नव्हती हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? आदल्या दिवशी त्याने फोन केला. "दाजी, काळजी करू नका. मी आहे ना. आपल्या घरचं माणूस गेलंय."

साक्षीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. लेकीने दुकानातून सुट्टी घेतली. खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एक पंखा, तोही आवाज करणारा. बाई मधे बसल्या होत्या. एका बाजूला मालकाचा वकील, तरुण, बूट फार चकचकीत.

पहिली साक्ष इंजिनवाल्या तात्यांची झाली. तात्या जहाजाचं इंजिन बघायचे, निवृत्तीला आले होते, त्यामुळे त्यांना कुणाची भीती नव्हती. वकिलाने विचारलं, "जहाजावर कामाचा ताण होता असं तुम्हाला वाटतं का?"

"आमच्या जहाजावर झुरळं सोडून सगळे दुप्पट काम करायचे," तात्या म्हणाले.

बाईंना हसू आलं, त्यांनी ते पाणी पिऊन लपवलं. वकील म्हणाला, "तुम्ही इंजिनरूममध्ये असता. वर कोण किती झोपतं हे तुम्हाला कसं माहीत?"

"जेवायला एकत्र बसायचो ना साहेब. मॅडम घास हातात धरून झोपायच्या. मी रोज बघायचो."

"म्हणजे प्रत्यक्ष पाळीवर तुम्ही पाहिलं नाही."

"नाही. पाळीवर मी खाली असतो. दोन ठिकाणी असायची सवलत अजून खात्याने दिलेली नाही."

तात्यांना बसवलं. मग दादा उठला. गणवेशात आला होता. माझ्याकडे बघितलं नाही, पण मला वाटलं, घाबरला असेल.

वकिलाने विचारलं, "कप्तान, मेट मॅडमना पाळीनंतर विश्रांतीची वेळ मिळत होती का?"

"मिळत होती."

मी लेकीकडे बघितलं. ती समोर बघत होती.

"नियमात आहे तेवढी?"

"हो. सहा तास काम, सहा तास विश्रांती. दाखल्याप्रमाणे."

"अपघाताच्या दिवशी?"

"त्या दिवशीही मिळाली असती. सहाला माझी पाळी होती. तिने मला उठवलं नाही."

"का उठवलं नाही?"

"तिची सवय होती तशी. मी तिला ताकीद दिली होती. त्या दिवशीही दिली. पण ती स्वतःच्या मनाने थांबायची." मग थोडा थांबून म्हणाला, "तिने स्वतः हे तिच्या मिस्टरांना फोनवर सांगितलंय. की मी उठवलं नाही म्हणून. ते इथे बसलेत."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पंखा चालू होता. मला आधी कळलंच नाही की मिस्टर म्हणजे मी.

बाईंनी मला उभं राहायला सांगितलं. "तुमच्या पत्नीने तुम्हाला असं सांगितलं होतं का?"

आता मी काय करायचं? नाही म्हणालो असतो तर हिचं शेवटचं बोलणं मी खोटं पाडलं असतं. हो म्हणालो तर हिच्यावर दोष. मला खोटं बोलता येत नाही, बोललो तर कान लाल होतात, ही त्यावरून मला चिडवायची. मी म्हणालो, "हो. पण बाई, ती दया होती. हयगय नव्हती."

"त्यांनी नेमके काय शब्द वापरले?"

मी शब्द सांगितले. चहाचा मग दाराशी ठेवला आणि परत वर गेले. मी दादाला घरात बसून जे दिलं होतं तेच आता सगळ्यांसमोर माझ्याच तोंडून काढून घेतलं गेलं. कुणीतरी ते टाइप करत होतं.

मी म्हणालो, "बाई, मी बस चालवतो. माझ्या बसमध्ये चाळीस माणसं असतात, तर मला आठ तासांनंतर घरी पाठवतात. दुसरा ड्रायव्हर आला नाही तर गाडी सुटत नाही. त्यात माझ्या मनाचा प्रश्नच ठेवत नाहीत. मी थांबतो म्हणालो तरी थांबू देत नाहीत. दुसरा मेट असता तर—"

वकील म्हणाला, "बस आणि जहाज यांची तुलना इथे गैरलागू आहे."

बाई म्हणाल्या, "तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय. बसा." त्यांचा आवाज चांगला होता. पण त्यांनी प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर त्यांना मिळालं होतं.

जिन्यात दादाने मला गाठलं. "दाजी, मी एक शब्दही खोटा बोललो नाही."

तात्या मागून येत होते. ते म्हणाले, "नाही ना. आज तुमच्या जिभेला चांगलं वंगण होतं कप्तान. कुठल्या कंपनीचं?"

दादा लाल झाला आणि पुढे उतरला. लेक म्हणाली, "चला बाबा." रस्त्यात ती मला एकदाही म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

केसाने गळा कापणं म्हणतात, ते मी आयुष्यभर नुसतं बोलत होतो. डेपोत कुणी माझी सुट्टी कापली तरी म्हणायचो. त्या दिवशी ते काय असतं ते कळलं. खोटं बोलून फसवलं असतं तर मी भांडलो असतो. त्याने खरं घेतलं, तेही मी प्रेमाने दिलेलं, आणि त्यानेच कापलं. हिने त्याची झोप राखली, आणि त्याने तीच तिच्यावर उलटवली.

निकाल त्याच खोलीत वाचून दाखवला. मेटने नियमाप्रमाणे उपलब्ध असलेली विश्रांती घेतली नाही व पुढील अधिकाऱ्यास उठवण्यात हयगय केली. अधिकाऱ्यांची संख्या दाखल्याप्रमाणे पुरेशी होती. सवलत पूर्ववत. सर्व जहाजांनी विश्रांतीचे नियम काटेकोर पाळावेत अशी सूचना. तात्या माझ्या कानाशी म्हणाले, "पाळतील की. झोपेतसुद्धा पाळतील." मला हसायला आलं नाही. त्यांनाही आलं नाही.

नंतर दादाचा फोन यायचा, मी घ्यायचो नाही. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी तो दारातच उभा. लेक दुकानात होती. वाळला होता. गालाची हाडं दिसत होती. माणूस दारात आल्यावर जा कसं म्हणायचं ते मला येत नाही. मी बाजूला झालो. तो आत आला आणि हिच्या खुर्चीवर बसला. त्याला सवय होती.

"जहाज इथेच लागलंय," तो म्हणाला. "पाचला सुटतंय. मला चारपर्यंत पोचायला हवं. म्हटलं, एकदा भेटून जावं."

मी दार लावून घेतलं.

"नवीन मेट आली आहे. पोरगी आहे अगदी, आपल्या लेकीच्या वयाची. हुशार आहे. सकाळपासून डेकवर आहे बिचारी, माल चढतोय. मी गेलो की तिला सोडतो थोडं झोपायला."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत उभी राहील. दुसरं कोण आहे?" हे त्याने सहज म्हटलं. मग त्याला कळलं आपण काय बोललो. त्याने मान खाली घातली.

"दाजी, तुम्ही समजून घ्या. मालकाने सरळ सांगितलं होतं. चूक एक तर कप्तानाची निघणार नाहीतर मेटची. माणसं कमी होती म्हटलं, तर खातं विचारणार, मग कप्तान, तुम्ही जहाज सोडलंच कसं? परवाना गेला असता माझा. या वयात मी कुठे जाऊ? माझंच काहीतरी जाणार होतं. तिचं आता काय जाणार होतं? मेलेल्या माणसाचं काय जातं?"

मी म्हणालो, "म्हणून तिच्याकडून घेतलंत."

"तसं नाही—"

"तसंच आहे. लहानपणी तुमच्या वाटणीचं पाणी ती भरायची आणि तुमचं नाव सांगायची. आता तुमच्या वाटणीचा दोषही तिनेच भरला. फक्त या वेळी नाव तुम्ही सांगितलंत, आणि तिचं सांगितलंत."

मला समोर बसवेना, म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो आणि चहा ठेवला. माझ्या हाताला दुसरं काही सुचेना. चहा उकळेपर्यंत मी ओट्याला धरून उभा होतो. हिच्या मगमध्ये ओतून बाहेर आलो तर तो झोपला होता. मान खुर्चीच्या पाठीवर, तोंड उघडं. ती म्हणाली होती तसाच.

मी चहाचा मग टेबलावर ठेवला आणि समोर बसलो. भिंतीवरचं घड्याळ त्याच्या डोक्याच्या वर होतं. साडेतीन होत आले होते. मी हलायला तयार नव्हतो.

मला वाटलं, झोपू दे. कप्तान नसेल तर जहाज सुटायचं नाही. त्या फ्रेममधल्या दाखल्यावर आता एवढंच उरलंय, कप्तान एक, मेट एक, त्यातला एक इथे माझ्या घरात घोरतोय. पाच वाजतील, सहा वाजतील. मालक फोन करेल. मग हा धडपडून उठेल आणि सांगेल, मला उठवलं नाही. कुणी उठवलं नाही? सांगू दे की. मला त्या विचाराने बरं वाटलं, खूप बरं वाटलं, हे मी लपवत नाही. इतक्या महिन्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं. चहावर साय धरली.

आणि मग ती पोरगी डोळ्यांसमोर आली. मी तिला कधी पाहिलेली नाही. पण सकाळपासून कोठीच्या कडेला उभी आहे, क्रेनवाल्याला खुणा करते आहे, आणि बंदराच्या फाटकाकडे बघते आहे की कप्तान कधी येतो. तो येईपर्यंत ती उभी राहणार. तो झोपला तर ती जास्त उभी राहणार. त्याच्या झोपेची किंमत तो कधी देतच नाही, दुसरं कुणीतरी देतं.

मी तो मग उचलला. खुर्चीच्या लाकडी हातावर वाजवला. हळू नाही, जोरात. थोडा चहा सांडला.

"हो, हो, उठलो," तो डोळे न उघडता म्हणाला.

मी परत वाजवला. "पाय खाली ठेवा."

त्याने डोळे उघडले. पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर होते. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला कळलं मी काय करतोय, कारण ही रीत त्याला माझ्याआधीपासून माहीत होती. त्याने एक पाय खाली ठेवला, मग दुसरा.

"किती वाजले?"

"दाजी, मी—"

"किती वाजले ते सांगा."

त्याने मान वळवून घड्याळ बघितलं. "पावणेचार."

"शुद्धीत आहात. जा आता, कप्तान. ती पोरगी थांबली आहे."

दादा म्हटलं नाही हे त्याच्या लक्षात आलं. तो उठला, शर्ट सारखा केला. रीतीप्रमाणे आता चहा हातात द्यायचा असतो. त्याचा हात किंचित पुढे आला. मी मग धरून तसाच उभा राहिलो. हात परत खाली गेला.

दारात तो म्हणाला, "परत येऊ का कधी?"

"झोपायला येऊ नका," मी म्हणालो. "ती जागा भरलेली आहे."

तो जिना उतरून गेला. मी खिडकीतून बघितलं, लगबगीने चालला होता. वेळेवर पोचला असेल.

संध्याकाळी लेक आली. टेबलावर हिचा मग बघून थांबली. चहा तसाच होता. "कोण आलं होतं?"

"कप्तान. बसल्या बसल्या झोपला. मी उठवलं."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "नीट उठवलंत?"

"पाय जमिनीला लागेपर्यंत उभा होतो."

तिने तो मग उचलून आत नेला आणि धुवायला घेतला. खूप वेळ नळ चालू होता. मग बाहेर आली, हात पुसत खिडकीजवळ गेली आणि तिच्या आईच्या खुर्चीवर बसली. आजपर्यंत ती तिथे कधी बसली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "आज मी जरा इथेच डोळा लावते. जेवायला उठवा."

"उठवतो," मी म्हणालो.